इंचभर माया

चूक लक्षात आली तेव्हा कात्री अर्ध्या पाठीपर्यंत पोचली होती. पाठ कोटाची; राखाडी, जाड, गिऱ्हाइकानं स्वतः आणून दिलेल्या कापडाची. खडूची रेघ तिनंच आखली होती आणि कात्री त्या रेघेवरूनच निघाली होती, इमानेइतबारे, केसभरही इकडेतिकडे नाही. आणि नेमकं तिथंच चुकलं होतं. रेघेवरून शिवायचं असतं. कापायचं असतं रेघेच्या बाहेरून, इंचभर कापड जास्तीचं सोडून. त्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. माया ठेवली की उद्या माणूस अंगानं भरला तरी शिवण उसवून कोट सैल करता येतो. न ठेवता कापलं की शिवणच कापड खाते आणि थोरल्या भावाचा कोट धाकट्याला बसतो. कारखान्यात नव्यानं आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, चहा कुठं मिळतो ते दुसऱ्या दिवशी. आणि ही इथं नऊ वर्षं कापत होती. तिनं कात्री उघडीच ठेवली. कात्रीची दोन पाती कापडाच्या आत होती आणि ती काढावी की पुढं न्यावी हे तिला कळेना.

कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. हे नाव मास्तरांनी ठेवलेलं. मास्तर म्हणजे तिथले मुख्य कारागीर, अडुसष्ट वर्षांचे. अठराव्या वर्षी तिच्या हातात कात्री देणारे तेच. अंगानं किडकिडीत, बोलायला टोकदार, आणि कुठं आहे ते पाय पडल्यावरच कळतं, म्हणून टाचणी, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मास्तरांना मार्जिन हा शब्द खपत नसे. गिऱ्हाईक म्हणे, थोडं मार्जिन ठेवा हं. मास्तर टेपवरची नजर न उचलता म्हणत, ‘मार्जिन वहीला असतं. कापडाला माया असते.’ गिऱ्हाईक हसे, मास्तर हसत नसत. हे संभाषण टाचणीनं इतक्या वेळा ऐकलं होतं की मार्जिन म्हणजे माया हे तिच्या डोक्यात शिवून पक्कं झालं होतं, आणि काल हॉस्पिटलात त्यानंच तिचा घात केला. काल ती एकटीच गेली होती. आईला म्हणाली होती, नुसते रिपोर्ट घ्यायचेत, तू रजा कशाला काढतेस. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर एक काचेचा पेपरवेट होता आणि त्यांनी बोलता बोलता तो रिपोर्टवरून उचलून बाजूला ठेवला. मग सांगितलं. डाव्या अंडाशयावर गाठ आहे. तपासण्या बघता ती कर्करोगाची असावी. त्यानंतरचं बोलणं टाचणीला शेजारच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू आलं. वय लहान आहे, पुढं मूल होण्याची शक्यता राखता आली तर बघू, असं काहीतरी. आणि शेवटी, अगदी स्वच्छ, जणू फक्त तिच्यासाठी म्हटलेलं वाक्य: ‘मार्जिन चांगलं घेऊ, काळजी करू नका.’ तेवढा एकच शब्द ओळखीचा होता. परक्या गावात आपल्याकडचं माणूस भेटावं तसा तिनं तो धरला. घरी जाऊन आईला सगळं सांगितलं, त्यातही तो शब्दच पुढं केला. माया चांगली ठेवणार आहेत म्हणाल्या. आईनं विचारलं, किती? चांगली म्हणाल्या. दोघी त्या चांगल्यावर झोपल्या. आणि आज सकाळी, रेघ आखून झाल्यावर, इंचभर बाहेर कात्री लावता लावता तिला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि त्यातलं क्रियापद ऐकू आलं. घेऊ. ठेवू नाही, घेऊ. माया कुणी घेत नाही. माया ठेवतात. घेतात ते काढून नेण्यासाठी. तिचा हात तिला न विचारता रेघेवर आला आणि कापत सुटला.

मास्तर आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कापडाकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. ओरडतील असं तिला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ‘आतून पट्टी लावू,’ ते म्हणाले. ‘दिसणार नाही.’ मग थांबून म्हणाले, ‘मला दिसेल. पण मी काय तो कोट घालणार नाही.’ तिला हसू आलं नाही हे पाहून त्यांनी तिच्या हातातून कात्री अलगद काढून घेतली. एवढी वर्षं त्यांनी शेकडो बायकांची मापं घेतली होती, छातीची, कमरेची, नितंबांची, आणि आकडे मोठ्यानं सांगताना कधी त्यांचा आवाज बदलला नव्हता. पण टाचणीनं गाठीचं सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघायला लागले. कुठं आहे, त्यांनी विचारलं. तिनं हात डाव्या कुशीवर ठेवला. ते म्हणाले, ‘शिवणीच्या जागी.’ आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन टेबलावरचा खडू उचलून डबीत ठेवू लागले. ‘मास्तर, माया कुणासाठी ठेवतात?’ तिनं विचारलं. मास्तर शहाण्यासारखं काही बोलतील अशी तिची अपेक्षा असावी. ‘गिऱ्हाईक जाड होतं म्हणून,’ ते म्हणाले. ‘पण खरं सांगू, उसवायला कुणी येत नाही. दहातला एक येत असेल. बाकीच्यांच्या कोटात ती तशीच राहते, कोट फाटेपर्यंत.’ मग त्यांनी तिला जा म्हणून सांगितलं. आज काही कापू नकोस, जा, त्या बाईंना नीट विचारून ये.

ती बसमध्ये बसली आणि शिवणीची जागा हा शब्द तिच्याबरोबर बसला. त्यात काही खोटं नव्हतं. मागच्या पाच महिन्यांत तिनं आपल्या दोन पँटी उसवल्या होत्या. डावीकडं कमरपट्टा रुतायचा. आधी तिनं बटण सरकवलं, मग महिन्याभरानं पुन्हा सरकवलं, मग शिवण उसवून आतली माया निम्मी सोडली, मग सगळी. स्वतःच शिवलेल्या पँटी. माया भरपूर ठेवलेली. आई आरशामागून बघत म्हणाली होती, बरं झालं, जरा अंग धरतेस. त्या वाक्यानं तिला गुदगुल्या झाल्या होत्या. सत्ताविसाव्या वर्षी का होईना, टाचणीचा दाभण झाला, असं मशीनवरच्या बायकाही म्हणाल्या होत्या. आणि आत तो कोण पाहुणा हातपाय पसरत होता त्याला हिनंच आपल्या हातांनी पाऊण पाऊण इंच जागा करून दिली होती. हे आठवून तिला गाठीपेक्षा स्वतःच्या हातांचा राग आला. एवढे शहाणे हात, टेप न लावता माणसाची कंबर सांगणारे, आणि स्वतःच्या कमरेला फसले. पण रागापाठोपाठ दयाही आली. बिचाऱ्या हातांना काय ठाऊक, घट्ट झालं की सैल करायचं एवढंच त्यांना शिकवलेलं. बसच्या खिडकीशी शेजारच्या सीटवर एक बाई मांडीवरच्या पोराला थोपटत होती. पोर झोपेत बाईच्या बाहीचं बटण तोंडात धरून चोखत होतं. टाचणीनं आधी बाही बघितली, मग बटण, मग पोर. सवयीनं तो क्रम असाच असायचा. मूल हवं आहे की नाही हे तिनं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, बघू. दुसऱ्यांच्या बाळांना ती प्रेमानं घ्यायची आणि रडायला लागली की तितक्याच प्रेमानं परत द्यायची. आता कुणीतरी तो प्रश्न कागदावर छापून आणणार होतं आणि खाली सही मागणार होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. माया म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं. त्यासाठी टाचणीनं आपल्या शर्टाची कड उलटी करून दाखवली. डॉक्टरीणबाईंनी ती कड बोटांत धरून बघितली, अगदी रिपोर्ट बघतात तशी. ‘आमच्याकडं उलटं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘गाठीच्या भोवतीचं चांगलंसुद्धा थोडं घ्यावं लागतं, म्हणजे वाईट मागं राहत नाही. त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. तुम्ही जे म्हणताय, जे ठेवायचं असतं, त्याला आमच्याकडं खरं तर शब्दच नाही. राखून, एवढंच म्हणतो.’ मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर चित्र काढलं. मध्ये पिशवी, म्हणजे गर्भाशय, दोन बाजूंना दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाला दोन अंडाशयं. चित्र वाकडं झालं होतं, उजवी बाजू आखूड. दोन बाजू सारख्या हव्यात तर कागद घडी घालून कापावा, हे टाचणीच्या ओठावर आलं आणि तिनं गिळलं. डॉक्टरीणबाईंनी डाव्या बाजूवर फुली मारली. ही गाठ, हे अंडाशय, ही नळी, हे जाणार, आणि गाठ न फुटता, अख्खी बाहेर काढायची. पोटातले बाकी काही तुकडे तपासायला घेणार. पिशवी आणि उजवं अंडाशय नीट तपासून, स्वच्छ दिसलं तर ठेवता येईल. दुसरा रस्ता म्हणजे सगळंच काढायचं. मग त्या बाजूची काळजी संपली, पण मूल नाही, आणि शरीर एका दिवसात पन्नाशीला पोचतं, त्यासाठी गोळ्या वगैरे. ‘धोका वाढतो का? ठेवलं तर?’ टाचणीनं विचारलं. ‘तुमची गाठ अजून पहिल्या पायरीवर असावी असं दिसतंय. तसं असेल तर फारसा वाढत नाही. शून्य आहे असं मी म्हणणार नाही. नेमानं तपासणीला यावं लागेल, वर्षानुवर्षं.’ ‘आणि आत गेल्यावर वेगळं दिसलं तर?’ ‘तर काढावं लागेल. ती परवानगी मला आधी हवी, कारण तेव्हा तुम्ही झोपलेल्या असाल.’ त्यांनी फॉर्म दिला. सोमवारी सकाळी ऑपरेशन, तेव्हाच आणा. निघताना त्यांनी ते वाकडं चित्रही दिलं. टाचणीनं ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. घडी पिशवीच्या बरोबर मधून पडली, एवढं तिनं पाहिलं.

आई बस डेपोतल्या हरवलं-सापडलं खिडकीवर काम करायची. बसमध्ये लोक काय काय विसरतात हे ऐकायचं तर आईजवळ बसावं. छत्र्या, डबे, एक डावा बूट, कवळी, एकदा पिंजऱ्यासकट पोपट. सगळ्याला चिठ्ठी लावायची, तारीख घालायची, सहा महिने फळीवर ठेवायचं. सव्वीस वर्षं आई हे करत होती आणि माणसाबद्दल तिचं मत तिथंच तयार झालं होतं. त्या संध्याकाळी तिनं फॉर्म दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला. ‘सगळं काढायला सांग,’ ती म्हणाली. ‘आई, तू नीट...’ ‘नीट वाचलंय. शून्य नाही म्हणाल्या ना त्या? मग झालं. शिर सलामत तर पगडी पचास.’ ‘पगडीचं नाही बोलत आपण.’ ‘ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं ते मला विचार,’ आई म्हणाली. ‘मी ठेवते. पुसून ठेवते. कुणी येत नाही. दहातले नऊ येत नाहीत. आणि जे आलेलं नाही, येईल की नाही ठाऊक नाही, त्याच्यासाठी मी माझी समोर बसलेली मुलगी फळीवर ठेवू?’ तिचा आवाज खिडकीवरचा झाला होता, कोरडा आणि नियमाचा. टाचणीला माहीत होतं की आई घाबरली की नियमात शिरते. बाबा गेले तेव्हाही ती तीन दिवस फक्त कागदपत्रांविषयी बोलत होती. तेव्हा टाचणी नऊ वर्षांची होती आणि तिला वाटलं होतं आईला काही वाटतच नाही. चौथ्या दिवशी आई बाबांच्या शर्टाचं एक सुटलेलं बटण लावताना सापडली. गेलेल्या माणसाच्या शर्टाचं. तिनं आईला त्यावरून कधी छेडलं नव्हतं, आताही छेडलं नाही. तिला आईचं म्हणणं पटतच होतं. तिलाही जगायचं होतं. नुसतं जगायचं होतं, सकाळी खडू हातात घ्यायचा होता, मास्तरांची बोलणी खायची होती. पोट साफ रिकामं करून घेऊन निर्धास्त व्हावं, हे तिला इतकं सोपं वाटत होतं की त्या सोपेपणाचीच भीती वाटली. सोपं वाटलं म्हणून तिचा हात एकदा रेघेवरून सुटला होता.

शनिवारचा दिवस दोघी एकमेकींशी फार गोड वागल्या, म्हणजे अबोलाच होता. रविवारी दुपारी आईनं नेलकटर घेतलं. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलं होतं, नखं कापून, रंग पुसून यावं. ‘पाय दे,’ आई म्हणाली. ‘मी कापीन.’ ‘वाकू नकोस त्या पोटावर. दे.’ आई स्टुलावर बसली, टाचणीचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक बोट दोन बोटांत धरून कापू लागली. खिडकीतून ऊन आईच्या मानेवर येत होतं. मानेवरचे केस पांढरे झाले होते आणि हे टाचणीनं आजवर पाहिलं नव्हतं, कारण आई कायम समोर असायची, अशी खाली वाकलेली कधी नसायची. टाचणीला लहानपणचं आठवलं. तेव्हा आई नखं कापायची तर कातडीच्या फार जवळ कापायची आणि ती ओरडायची. आज आई फार लांबून कापत होती. प्रत्येक नखाची पांढरी कड अर्धी तशीच सोडत होती. करंगळीला आल्यावर आईचे हात थांबले. ‘मला नातू नकोय,’ ती पायाशी बोलल्यासारखं म्हणाली. ‘मला नात नकोय. खिडकीवरच्या बायका विचारतात, त्यांना मी गप्प करते. मला तू हवीस बस.’ टाचणीला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. ‘मलाही मूल हवंय की नाही मला माहीत नाही, आई.’ ‘मग? मग कशाला हा हट्ट?’ ‘माहीत नाही म्हणूनच.’ आईनं वर बघितलं. टाचणीला आपलं म्हणणं बोलता बोलताच कळत होतं, आधी कळलेलं नव्हतं. ‘मी ते बाळासाठी ठेवत नाहीये. बाळबिळ मला दिसतच नाही. मी माझ्यासाठी ठेवतेय. तीस वर्षांची, पस्तीस वर्षांची जी मी होईन तिला विचारायचं राहिलंय. ती आत्ता इथं नाही. तिचं माप मला घेता येत नाही. तिनं नको म्हटलं तर नको. पण तिच्या आधी मी कापून मोकळी झाले तर ती मला काय म्हणेल?’ आईनं करंगळी घट्ट धरली. ‘आणि ती आलीच नाही तर?’ तिनं विचारलं. हाच खरा प्रश्न होता. आईनं एकदाचा सरळ विचारला. आतलं, शून्य नसलेलं ते जे काही होतं ते वाढलं, पसरलं, आणि पस्तीस वर्षांची बाई आलीच नाही तर. ‘तर तू मला रागव,’ ती म्हणाली. ‘मूर्ख आहेस,’ आई म्हणाली आणि करंगळीचं नख कापलं, अगदी हळू.

फॉर्मवर सहीच्या वर चार ओळी मोकळ्या होत्या, रुग्णाला काही लिहायचं असल्यास. त्या कुणी भरत नसावं, कारण सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई फॉर्म उलटून टाकत असताना थांबल्या आणि चष्मा लावून वाचू लागल्या. टाचणीनं खडूनं आखतात तशा सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘चांगलं असेल ते ठेवा. चांगलं नसेल ते काढा, माझी हरकत नाही. शंका वाटली तर मला जगवा. उठल्यावर जे असेल ते आईला आधी सांगू नका, दोघींना एकदम सांगा.’ डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या कडेला आपली छोटी सही केली. नर्सनं कागदावरचं नाव पुकारलं तर ती उठलीच नाही. कागदावरचं ते नाव तिला कुणी दुसऱ्या बाईचं वाटलं. आईनं कोपरानं ढोसलं तेव्हा उठली. आत गार होतं. छताला सहा दिवे एका चक्रात, आणि अंगावर तो मागून बांधायचा गाऊन, ज्याच्या शिवणीत पाव इंचही माया नव्हती, हे तिनं शेवटचं पाहिलं. मास्तर असते तर त्यांनी शिवणाऱ्याला हाकललं असतं. तिला हसू आलं आणि भूल देणारे डॉक्टर म्हणाले, वा, हसतमुख पेशंट. मग दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. ती नऊपर्यंत पोचली असेल.

मग बराच वेळ काहीच नव्हतं, आणि मग तहान होती. जीभ टाळ्याला चिकटलेली, पोटावर कुणीतरी वीट ठेवलेली. आईचा चेहरा होता, उलटा, मग सुलटा. टाचणीनं विचारायला तोंड उघडलं आणि तिला एकाएकी विचारायचंच नव्हतं. विचारलं नाही तोवर दोन्ही खरं असतं. आईनं ओला कापूस तिच्या ओठांवर फिरवला. ‘त्या आल्यात,’ आई म्हणाली, ‘दोघींना एकदम सांगायचं म्हणून दारात उभ्या आहेत.’ डॉक्टरीणबाई आत आल्या, टोपी हातात, कपाळावर टोपीचा वळ, आणि पलंगाच्या कडेला हात ठेवून त्यांनी सांगितलं: गाठ अख्खी निघाली, फुटली नाही. टेबलावरच तपासून घेतली, कर्करोगच होता, पण तिथल्या तिथं. डावीकडचं काढलं. उजवं अंडाशय आणि पिशवी दिसायला स्वच्छ आहेत, ठेवली आहेत. बाकीच्या तुकड्यांचा रिपोर्ट आठवड्यानं. ‘तुमच्या भाषेत,’ त्या म्हणाल्या, आणि शब्द आठवायला थोडा वेळ घेतला, ‘माया ठेवलीय.’ टाचणीचे डोळे मिटले. तिला आईचा हात शोधायचा होता. हात सापडला तर तो आधीच तिच्या केसांत होता. आईनं नाक ओढलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘एक गाठ, एक अंडाशय, एक नळी, जमा. बाकीचा ऐवज मालकिणीच्या ताब्यात.’ टाचणीला हसायचं होतं पण पोट हसू देईना.

आठवड्यानं रिपोर्ट आला. तुकडे स्वच्छ होते. केमोच्या इंजेक्शनांची गरज नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. या तीन महिन्यांचा पहाड किती उंच असतो हे ज्याला चढायचाय त्यालाच ठाऊक. ती घरी बसली, टाके निघाले, आईच्या हातचं सूप पिऊन कंटाळली, आईशी भांडली, आई भांडली म्हणून दोघींना बरं वाटलं. मास्तर एकदा येऊन गेले, दारातच उभे राहिले, तो राखाडी कोट गिऱ्हाइकाला आवडला एवढं सांगून निघाले. पण आत काय चाललं आहे ते कुणी सांगत नव्हतं. ठेवलंय, ठीक, पण ठेवलेलं जिवंत आहे का? एकट्या उजव्या बाजूला आपलं काम आठवतं का, की शेजारचं गेलं म्हणून तीही हातपाय गाळून बसली? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वाट बघा, शरीराला वेळ द्या. टाचणी वाट बघत होती आणि वाट बघत नाही असं दाखवत होती. रात्री पाठीवर पडून ती उजव्या कुशीवर हात ठेवायची. काही हलत नसे, काही सांगत नसे. आई रोज सकाळी तिच्याकडं एकदा बघायची आणि न विचारता कामावर जायची. पाचवा आठवडा गेला, सहावा गेला. सातव्या आठवड्यात तिला हलकं काम करायची परवानगी मिळाली आणि ती कारखान्यात जाऊन अस्तरं कापू लागली, बसूनच, मास्तरांच्या नजरेखाली.

त्या मंगळवारी, अकराच्या सुमारास, तिच्या कमरेत कळ आली. तिनं कात्री खाली ठेवली. आता कुठलंही दुखणं तिच्याकडं साधं होऊन येत नसे. ढेकर आली तरी तिला वाटायचं, हे काय? कळ खाली उतरली, मांड्यांत शिरली, पोटात जडशीळ होऊन बसली. परत आली, ती स्वतःशी म्हणाली, परत आली ती गाठ. तिनं टेबलाची कड धरली आणि चालत, मशीनवरच्या कुणाला कळू न देता, मागच्या बाजूच्या संडासात गेली. कडी लावली. आणि मग तिनं पाहिलं. लाल. पहिल्यांदा ती घाबरली, कारण लाल दिसलं की माणूस घाबरतो. मग तिला ते ओळखू आलं. तेराव्या वर्षापासून दर महिन्याला जिला तिनं शिव्या घातल्या, जिच्यामुळं सहली बुडाल्या, नवे कपडे खराब झाले, जिला ती आणि आई घरात कटकट म्हणायच्या, ती. सात आठवडे वाट बघायला लावून, कुणाला न कळवता, आपल्या पायांनी चालत आली होती. टाचणी कमोडच्या झाकणावर बसली. नळ गळत होता, भिंतीवर कुणाचा तरी रुमाल वाळत होता, पलीकडं मशीनं चालली होती. तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं, दुखत होतं म्हणून आणि दुखत होतं यासाठी. मग फोन काढून आईच्या खिडकीचा नंबर लावला.

‘हरवलं-सापडलं,’ आईचा कामाचा आवाज आला. ‘आई, मी.’ ‘काय झालं?’ ‘आई, कटकट आली.’ कुणीतरी गिऱ्हाईक खिडकीशी उभं असावं. माणसाचा आवाज येत होता, काळी बॅग, तीन नंबरची बस, काल संध्याकाळी. ‘थांबा हो जरा,’ आई त्याला म्हणाली, आणि फोनमध्ये, अगदी हळू, ‘खरंच?’ ‘खरंच.’ ‘दुखतंय?’ ‘दुखतंय.’ ‘फार?’ टाचणीनं विचार केला. ‘नेहमीसारखं,’ ती म्हणाली. त्यावर आईकडून एक चमत्कारिक आवाज आला, आणि पाठोपाठ खिडकीबाहेरच्या माणसाचा. बाई, काय झालं, पाणी देऊ का, काही वाईट बातमी आहे का, असं तो विचारत होता. ‘नाही हो,’ आई त्याला म्हणाली. तिला धड बोलता येत नव्हतं. ‘माझ्या मुलीच्या पोटात दुखतंय.’